आमच्या ग्रंथपाल ताईंना, एका विज्ञान शिक्षिकेकडून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

12 ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त, ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी शाळेत तुम्हाला गुलाबाचं फूल मिळतं, परिपाठात कुणीतरी दोन शब्द बोलतं आणि पहिल्या तासाची घंटा होते. मला जे म्हणायचं आहे ते त्या दोन शब्दांत मावत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ग्रंथपाल म्हणजे देवघेव नोंदवहीत सही घेणारी बाई किंवा माणूस, असं समजणारे शिक्षक यवतमाळ जिल्ह्यात आणि आजूबाजूलाही पुष्कळ आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचावं.

मी शाळेत नवीन होते. आपल्याकडे उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि पहिल्या आठवड्यात सगळे वार्षिक नियोजनाच्या कागदांत बुडालेले असतात. ते कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातात, इतकंच मला माहीत होतं. तुम्ही येऊन म्हणालात, "त्याची एक प्रत मला द्या. कोणता घटक कोणत्या महिन्यात घेता ते कळलं की मी आधीच शोधून ठेवीन." जुलैत माझ्या वर्गात एक लोखंडी पेटी आली. सूक्ष्मजीवांवरची दोन पुस्तकं, 'किशोर'चे जुने अंक, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका. प्रत्येकात कागदाची चिठ्ठी, कोणत्या पानावर काय आहे ते लिहिलेली. ही तयारी माझ्या पाठाची होती आणि ती तुम्ही केली होती.

पण मला सविस्तर लिहायचं आहे ते वर्गीकरणाच्या तासाबद्दल. आठवीच्या विज्ञानात पहिलाच पाठ सजीवांच्या वर्गीकरणाचा. व्हिटाकर या शास्त्रज्ञाने 1969 मध्ये सजीवांचे पाच मोठे गट, म्हणजे पाच सृष्टी, मांडल्या: फळ्यावर तक्ता काढला की मुलं उतरवून घेतात आणि चाचणीपुरतं पाठ करतात. तुम्ही सुचवलंत, वर्ग ग्रंथालयात आणा. सतरंजीवर पुस्तकांचा ढीग ओतलात आणि मुलांना म्हणालात, लावा. कुणी रंगावरून लावली, कुणी उंचीवरून, एका गटाने "सोपी" आणि "भारी" असे दोनच ढीग केले. मग तुम्ही मेल्व्हिल ड्यूईंनी 1876 साली मांडलेली दशांश पद्धत समजावलीत: 500 मध्ये विज्ञान, त्यातच 590 ला प्राणी, 630 ला शेती, 891.46 म्हणजे आपलं मराठी साहित्य. मुलं आकडे शोधत कपाटांपाशी फिरू लागली.

तेव्हा मागच्या बाकावरच्या एका पोराने फुलपाखरांचं पुस्तक आणि गुलाबी बोंडअळीची पुस्तिका दोन्ही हातांत धरून विचारलं, "मॅडम, ही अळीच त पतंग होते. मंग तिले फुलपाखराजवळ काहून नाही ठेवत?"

त्याचं बरोबर होतं. पतंग आणि फुलपाखरू एकाच गणातले. वर्गातल्या बहुतेक घरांत कपाशी आहे. 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने जे केलं, ते या मुलांनी घरात ऐकलेलं आहे. डोमकळी, म्हणजे अळी लागल्यामुळे नीट न उमललेलं फूल, कशी ओळखायची हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक असतं. तुम्ही उत्तर लगेच दिलं नाही. त्यालाच विचारलंत, "ही पुस्तिका शोधत कोण येईल?" तो म्हणाला, "माहे बाबा." मग पतंगांना वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे कसे लावायचे, फरदड का घेऊ नये, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात का ठेवू नये, हे शोधणारा माणूस कोणत्या कपाटापाशी जाईल, यावर मुलंच बोलू लागली. पुस्तिका शेतीत राहिली, फुलपाखरं 590 च्या कपाटात. वर्गीकरण माणसं करतात, कशासाठी करायचं ते ठरवून करतात आणि ज्ञान वाढलं की ते बदलतं, हे त्या तासाला मुलांनी स्वतः शोधलं. बुरशीला वनस्पतींतून काढून वेगळी सृष्टी का दिली, हे पुढच्या तासाला मला समजावावं लागलं नाही. ती पुस्तिका त्या दिवशी त्या पोराच्या नावावर घरी गेली.

प्रकल्पांचंही सांगते. बाजारातून तयार चित्रं आणायची आणि मोबाइलवर दिसेल ते उतरवायचं, ही रीत तुम्ही मोडलीत. पुस्तकाची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची कशी वापरायची, विश्वकोशातली नोंद कशी शोधायची, दोन ठिकाणी वेगळी माहिती मिळाली तर काय करायचं, हे तुम्ही शिकवता. "कुठून घेतलं ते खाली लिही" हे वाक्य आता मुलं एकमेकांना ऐकवतात. याला मी अध्यापन म्हणते, दुसरा शब्द मला सुचत नाही.

पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) आणि तांड्यावरून येणाऱ्या मुलांना, ज्यांच्या घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलतात, तुम्ही मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवता. ऊसतोडीला आईबापासोबत निघालेल्या मुलीला तुम्ही स्वतःच्या नावावर पुस्तकं काढून दिलीत. हरवलं तर भरपाई तुमच्या खिशातून गेली असती. तेलाचे डाग पडून आलेलं पुस्तक तुम्ही आनंदाने परत घेता, वाचल्याची खूण म्हणून. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, हा रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेला पहिला सिद्धांत. कितीतरी शाळांत मात्र कपाटाची किल्ली हरवलेली असते. आपली कपाटं उघडी असतात, हे तुमच्यामुळे.

आणि हे सगळं तुम्ही अर्धवेळ पदावर करता. दाखल नोंदवही, निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या, याद्या, वर शाळेची इतर कामं. अर्धा पगार आणि पूर्ण दिवस, हे मला पटत नाही आणि ते इथे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं. जिथे ग्रंथपालच नाही, तिथल्या माझ्यासारख्या शिक्षिकेला पाठाची अशी तयारी एकटीने करता येणार नाही. ही पदं भरली पाहिजेत आणि पूर्णवेळ झाली पाहिजेत.

ताई, मनापासून आभार. माझ्या पाठांसाठी, आणि त्या पोराच्या प्रश्नाला तुम्ही दिलेल्या वेळासाठीही. नववीचं नियोजन सोबत जोडलं आहे. पर्यावरणाचा घटक या वर्षी दिवाळीनंतर घेणार आहे. टिपेश्वरच्या जंगलाबद्दल मुलांना वाचता येईल असं काही असेल तर बघून ठेवाल का?

तुमची,
आठवी-नववीची विज्ञान शिक्षिका