आई-बाबा, टोकन भरायच्या आधी यादी बघा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर दादाच्या प्रणिताच्या कॉलेजचा विषय काढला की बाबा "बघू, बघू" म्हणतात आणि आई मध्येच माझ्या जेवणाची चौकशी सुरू करते, म्हणून या वेळी लिहूनच पाठवतेय. दादा वाचून दाखवेल, पण बाबा, तुम्ही चष्मा लावून एकदा स्वतः वाचा. एफडी तुमची मोडणार आहे.

प्रणिता नर्सिंगला जाणार हे ऐकून मला बरं वाटलं. घरात माझ्यानंतर कोणीतरी या लाइनला येतंय. दादाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली दोन्ही पत्रकं मी रात्रपाळीत सावकाश वाचली. एक बिदरकडच्या बीएस्सी कॉलेजचं, जे ते ॲडमिशन करून देणारे सर घरी घेऊन आले होते. दुसरं आपल्याच तालुक्याच्या गावातलं, "फक्त सहा महिन्यांत नर्स बना" वालं. बाबांचा कल पहिल्याकडे, आईचा दुसऱ्याकडे. आणि एका बाबतीत तुमचं दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालंय, की मान्यताबिन्यता कागदावरच्या गोष्टी, पोरगी शिकली म्हणजे झालं.

आधी आईशी बोलते. आई, पोरगी डोळ्यांसमोर राहील, जाऊन-येऊन शिकेल, हे तुझं म्हणणं मला कळतं. पण अगं, सहा महिन्यांत आपल्या देशात कोणी नर्स होत नाही. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचा. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. बीएस्सी ही पदवी, चार वर्षांची. यातलं एक मान्य संस्थेतून केल्याशिवाय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव लागत नाही, आणि नोंदणी नंबर नसेल तर अधिपरिचारिकेच्या सरकारी भरतीचा अर्जसुद्धा भरता येत नाही. सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या मुली छोट्या दवाखान्यांत कामाला लागतात. गणवेश आमच्यासारखाच, पेशंटही त्यांना सिस्टरच म्हणतात, सलाईन लावतात, इंजेक्शनं देतात. पगार मात्र डॉक्टरांच्या मर्जीवर, आणि काही कमी-जास्त झालं की "ती आमची नर्स नव्हतीच" म्हणायला सगळे मोकळे. त्या मुली कष्टाळू असतात, मी त्यांना कमी लेखत नाही. सरकारी कौशल्य योजनेतही जनरल ड्युटी असिस्टंटचा छोटा कोर्स आहे आणि तो स्वतःला असिस्टंटच म्हणवतो, त्यात फसवणूक नाही. पण बारावी सायन्सला बायोलॉजी घेऊन पास झालेल्या पोरीला नर्स म्हणून असिस्टंट करायचं, हे मला पटत नाही. तो कागद बाजूला ठेव.

आता बाबा. तुम्ही दादाला म्हणालात म्हणे, "मान्यता काय, पैसे चारून मिळते." ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मध्य प्रदेशात तेच निघालं. तिथल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी उच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली. काही कॉलेजं कागदावर उभी होती, शिक्षक कागदावर, खाटा कागदावर. आणि 2024 मध्ये तपासणी करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना, अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. मधल्या मधे पोरांच्या परीक्षा रखडल्या, वर्षं गेली. दादाला वाटतं परदेशात असं चालत नाही. त्याला सांगा, 2023 च्या जानेवारीत अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून साडेसात हजारांहून जास्त बोगस पदव्या विकल्याचं उघड झालं.

तरीही मी मान्यतेवर अडून बसलेय. का, ते तुम्हाला तुमच्याच खात्याच्या भाषेत सांगते. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलीत, वडापवाल्यांवर तोंडसुख घेतलंत. परमिट असलं म्हणजे ड्रायव्हर चांगला असतोच असं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? पण परमिट नसलेल्या गाडीला अपघात झाला की आत बसलेल्याला कोणी वाली नसतो. मान्यतेचं तसंच आहे. ती असली म्हणजे कॉलेज चांगलं ठरत नाही. ती नसली तर मात्र पुढे विचारायचंच काही उरत नाही.

आणि मान्यता कोणाची, हे त्या पत्रकावरून कळणार नाही. मुद्दाम कळू नये असंच ते छापलेलं आहे. वर पाच-सहा शिक्के, खाली "सर्वमान्य". त्यातला आयएसओचा शिक्का व्यवस्थापन पद्धतीचा असतो, बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतो. नॅक ही कॉलेजं तपासून श्रेणी देणारी संस्था, तिची श्रेणी कॉलेजच्या एकूण दर्जाबद्दल असते. ती असली तर चांगलंच, पण नॅकमुळे प्रणिताचं कौन्सिलमध्ये नाव लागणार नाही. आपल्या कामाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात शिकायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवी. बीएस्सी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, आणि जीएनएम किंवा एएनएम असेल तर परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. शिवाय दिल्लीच्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव असावं. हे सगळं त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघायचं, कॉलेजच्या नाही. आणि यंदाच्या शैक्षणिक वर्षाची यादी बघायची. तीन वर्षांपूर्वीच्या पत्राची झेरॉक्स दाखवणारे पुष्कळ आहेत.

त्याच यादीत मंजूर जागा किती, तेही असतं. हा मुद्दा कोणी लक्षात घेत नाही. चाळीस जागा मंजूर आणि साठ मुली भरल्या, तर वरच्या वीस जणींची नावं पुढे जातच नाहीत. वर्गात बसतात, फी भरतात, आणि परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की रडारड सुरू होते.

बिदरच्या कॉलेजाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण ते सर "आयएनसी अप्रूव्हड", म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे, हे पुन्हा पुन्हा म्हणत होते असं दादा सांगतो. 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निकाल दिला, की नर्सिंगच्या संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार इंडियन नर्सिंग कौन्सिलला नाही, ते काम राज्याच्या कौन्सिलचं आणि विद्यापीठाचं. त्यानंतर तिथल्या संस्थांची नावं दिल्लीच्या यादीतून गेली आणि मुलांमध्ये घबराट उडाली, की दुसऱ्या राज्यात आपल्याला कोणी विचारेल का. म्हणून तिकडे शिकलेल्यांचं वाटोळं झालं असं मात्र समजू नका. माझ्याच वॉर्डात कर्नाटकातून शिकून आलेल्या दोघी आहेत, हाताला चांगल्या आहेत. एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेला, नॉरसेटलाही, इंडियन किंवा राज्य नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालते. पण तिकडे शिकून इकडे नोकरी करायची तर आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी, मग इथल्या कौन्सिलची नोंदणी, असे कागद फिरवत बसावं लागतं. तेव्हा सरांना एवढंच विचारा, "यंदाच्या कुठल्या यादीत कॉलेजचं नाव आहे, ते मोबाइलवर उघडून दाखवता का?" आणि बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीतही बघायला सांगा. चहा पिता पिता होईल. त्यांनी दाखवलं तर माझा निम्मा विरोध मावळेल.

निम्माच. उरलेला निम्मा खाटांवरून आहे.

बाबा, आमच्याकडे नवीन मुली येतात, तेव्हा कुठल्या शाळेतून आल्या हे मी आधी विचारत नाही. त्यांच्या हातात बीपीचं मशीन द्यायचं आणि हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घ्यायला लावायचं. एखादी पेशंटजवळ जाऊन आधी त्याच्याशी बोलते, सलाईनची सुई, कॅन्युला, लावलेली जागा सुजली आहे का ते न सांगता बघते, लघवी किती झाली ते विचारते. दुसरी आधी फाइल उघडते आणि पेशंटला हात लावायला बिचकते. पुस्तकात दोघीही हुशार असतात. फरक असतो तो वॉर्डात किती तास घासल्या याचा. म्हणून नियमात शाळेला स्वतःचं रुग्णालय लागतं, दहा मुलांमागे एक शिक्षक लागतो, एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट लागतात. हे आकडे उगाच घातलेले नाहीत. शंभर खाटांचं रुग्णालय म्हणून बोर्ड असतो आणि आत वीस पेशंट, त्यातले पाच तपासणीच्या दिवशी गावातून जीपमध्ये आणलेले, असं असेल तर तिथली पोरगी सलाईन कोणाला लावून शिकणार?

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका. त्यांचं रुग्णालय कुठे आहे ते विचारा आणि सकाळी अकराच्या सुमारास जनरल वॉर्डात एक चक्कर मारा. आई, तू बाळंतिणींच्या वॉर्डात जा, तुला कोणी अडवणार नाही. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचार, बाळंतपणं स्वतःच्या हातांनी किती केलीस? केलेल्या कामांची नोंद असते त्या प्रोसिजर बुकवर सही कशी मिळते, काम केल्यावर की शंभर रुपये दिल्यावर? नाईट ड्युटीला तुमच्यासोबत ट्यूटर असते का? तू दहा मिनिटांत जे काढून आणशील ते मला कुठल्याही यादीत सापडणार नाही.

फीचं थोडक्यात. प्रणिताने सीईटी दिली आहे आणि कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या अजून व्हायच्यात. 2024 पासून राज्यात आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या आर्थिक मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ते गेलं, आणि राज्याबाहेर गेली तर प्रश्नच मिटला. "सीईटीची भानगड नको, थेट ॲडमिशन" हे सर ज्याला सोय म्हणतायत ती सोय त्यांची आहे, तुमची नाही. हॉस्टेल आणि मेस तेवढी आपल्याला बघावी लागेल, ती मी बघते. सरकारी कॉलेज मिळालं तर उत्तमच. जिल्हा रुग्णालयाला जोडलेली जीएनएमची शाळा मिळाली तरी मी ती त्या चकचकीत बीएस्सीपेक्षा वर धरीन. तिथे इमारतीचं प्लॅस्टर पडलेलं असेल, पण पेशंटला तोटा नसतो, आणि जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. नातेवाइकांत डिप्लोमा म्हटल्यावर नाकं मुरडतील, मुरडू देत.

परदेशाचं सर फार बोलले म्हणे, दुबई, जर्मनी. जाता येतं, माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी गेल्या. पण आखाती देशांत आपण दिलेल्या सर्टिफिकेटवर कोणी विश्वास ठेवत नाही. तिथली पडताळणी करणारी कंपनी थेट कॉलेजला आणि कौन्सिलला विचारते की ही मुलगी तुमच्याकडे शिकली का, नोंद आहे का. तेव्हा तिकडून होकार यायला ते कॉलेज जागेवर असायला लागतं.

आता कामाचं. रविवारपर्यंत टोकन भरायचं नाही. "जागा संपतील" म्हणाले तर संपू देत. दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट आणि टीसी सरांच्या हातात अजिबात द्यायची नाही, झेरॉक्स द्या. एकदा ओरिजिनल अडकली की पोरगी दुसरीकडे जाऊ शकत नाही आणि मग सोडवायला पैसे मागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. रोख काहीच नको. पावती, तीही कॉलेजच्या नावाची, संस्थेच्या अध्यक्षाच्या नावाची नाही. आणि बाबा, सर तुमच्या जुन्या मित्राचे जावई आहेत म्हणून भिडेपोटी हो म्हणू नका. माझं नाव पुढे करा. "पुण्याची पोरगी नर्स आहे, ती ऐकत नाही," असं सांगा. मला वाईटपणा चालेल.

रविवारी माझी सुट्टी आहे. दादाला म्हणावं, दुपारी लॅपटॉप घेऊन बसू, दोघं मिळून याद्या बघू आणि कॅपचे पर्याय भरू. त्याआधी प्रणिताला मला फोन करायला सांगा, तुम्ही कोणी शेजारी नसताना. या सगळ्यात आजोबा बोलले, आजी बोलली, दादा बोलला, सर बोलले, आत्याने तर चार पानं लिहिली. त्या पोरीच्या तोंडून मी अजून एक वाक्य ऐकलेलं नाही. तिला नर्सच व्हायचंय का, हे मला तिलाच विचारायचंय.

तुमची,
वैशू