पाच ब्रास फुकट, पण नदीवरच! महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

2023 मध्ये 600 रुपये ब्रासने वाळूचा शब्द मिळाला. तो दर सरकारी वाळू डेपोच्या फाटकापर्यंतचाच आणि वाहतूक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, हे लोकांना पुढे कळले. एप्रिल 2025 च्या धोरणात घरकुलाला 5 ब्रास मोफत झाली. आभार. वाहतूक मात्र पुन्हा लाभार्थ्याचीच.

ब्रास म्हणजे 100 घनफूट, कोरडी वाळू साधारण साडेचार टन. पाच ब्रास म्हणजे साडेबावीस टन. गावच्या बोळात दहाचाकी शिरत नाही, म्हणजे ट्रॅक्टरच्या निदान पाच खेपा. खेपेला 2,500 धरा, झाले 12,500. घरकुलाचा पहिला हप्ता 15,000. उरलेल्या अडीच हजारांत पाया खणायचा, खडी आणायची, गवंड्याला उचल द्यायची. जमते का ते आपणच सांगा.

त्यातून वाळू ओली असते आणि ओली वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलीला बारीक वाळू सहज पंचवीस टक्के फुगते. म्हणजे ब्रासभर मोजून घेतलेली सुकल्यावर 80 घनफूट. चोरी कुणीच केली नाही, भाडे मात्र शंभराचे गेले. काट्यावर वजन करून दिली तर पाच-सहा टक्के पाण्याचाच फटका बसेल.

वाहतूक पासाला, म्हणजे वाळू नेण्याच्या सरकारी परवान्याला, तासांची मुदत असते. वाटेत टायर बसला, पास संपला की तीच खेप बेकायदा. मग जमीन महसूल संहितेचे कलम 48(7), बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. मोफत वाळूचा बाजारभाव कोणता धरणार, हेही एकदा जाहीर करावे! ट्रॅक्टर सोडवायला लाखभर वेगळे. हा धोका धरूनच ट्रॅक्टरमालक भाडे सांगतो. 10 जून ते 30 सप्टेंबर उपसा बंद, म्हणून मे महिन्यात सगळ्यांची झुंबड आणि भाडे आणखी वर.

स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी, म्हणजे खाणींची झळ बसलेल्या भागांसाठीच्या निधीला, 10 टक्के वेगळे घेता ना? घरकुलाच्या पाच खेपांचे भाडे त्यातून थेट ट्रॅक्टरवाल्याला द्या. वाळू वजनाने मोजा. पाचही खेपांना एकच पास द्या, मुदत तीन दिवसांची.

घरकुलाचे मूळ अनुदान 2016 पासून 1 लाख 20 हजारच आहे. त्याच काळात आपले स्वामित्वधन ब्रासला 400 चे 600 झाले. घ्यायचा आकडा वाढवायला फाईल कशी पळते, आणि द्यायच्या फाईललाच नेमका वाहतूक पास का मिळत नाही?

आपले,
घरकुलांची बांधकामे करणारे