जवानांची नावं लिहीत जा

मुंबई

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. शाई गोठते म्हणून पेन्सिलीनं लिहिलंस. घडीवरच्या दोन ओळी पुसट झाल्या होत्या, त्या तुझ्या आईनं खिडकीशी धरून लावल्या. पत्त्यात नुसतं ‘५६ ए.पी.ओ.’, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय, त्यामुळे कुठे आहेस ते आम्ही विचारत नाही. बर्फ वितळवून पाणी करता, उघड्या हातानं लोखंडाला शिवत नाही, यावरून समजायचं ते समजलो. फोनवर तू ‘बरा आहे, जेवलो’ म्हणतोस आणि रेंज जाते. पत्रात मात्र तू भेटतोस.

हल्ली मी काही जुनी पत्रं वाचतोय. १८३८च्या अखेरीस पहिल्या अफगाण युद्धासाठी मुंबईची फौज जहाजांतून सिंधकडे निघाली. तिच्यात ‘क्वीन्स’ पलटणीचा एक तरुण इंग्रज लेफ्टनंट होता. वडिलांना तो सगळं कळवायचा. उन्हाचे हाल, वाटेत मरून पडणारे उंट, अपुरा पडलेला शिधा. २३ जुलै १८३९ला बंदुकीच्या दारूनं दरवाजा उडवून इंग्रजांनी अफगाणिस्तानातली गझनी घेतली. परतीच्या वाटेवर १३ नोव्हेंबरला बलुचिस्तानातल्या कलातवरच्या हल्ल्यात तो जबर जखमी झाला. वडिलांनी १८४० साली ही पत्रं छापून घेतली. दुसऱ्याच्या गादीवर आपल्या सोयीचा माणूस बसवण्यासाठी केलेलं ते युद्ध अन्यायाचंच होतं. तरी त्या बापाचा जीव मला कळतो. पत्र हातात पडेपर्यंत ते जुनं झालेलं; लिहिल्यानंतर पोराचं काय झालं, हे पुढचं पत्र येईतो कळायचं नाही.

ते वाचल्यावर कुलाब्याला अफगाण चर्चमध्ये जाऊन आलो. त्या युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थच ते बांधलंय. अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. शिपायांबद्दल एवढंच, की ते फार होते, म्हणून नावं देता येत नाहीत. कुणी आजारानं गेले, कुणी तलवारीनं. मुंबईच्या फौजेत आपल्या कोकणातली केवढी माणसं असायची! मला फार राग आला रे. दगड कमी पडला होता का?

म्हणून सांगतो. तू अधिकारी आहेस, तुझं नाव कागदोपत्री राहील. तू लिहितोस, ‘खानापूरचा नाईक रात्रभर स्टोव्हवर लक्ष ठेवतो’, ‘शिराळ्याचा पोरगा पहाऱ्याहून आला की आधी माझी विचारपूस करतो’. वाचून बरं वाटतं, पण नावं कुठायत? जागा, हालचाल काही लिहू नकोस, ते बरोबरच. पण माणसाचं नाव लिही, घरी कोण आहे लिही, सुट्टी कधी मिळायचीय ते लिही. आम्ही सगळं जपून ठेवतोय.

शिराळ्याचा नंबर तू दिला होतास, तिथे काल फोन केला. त्याची आई आधी घाबरलीच. मी म्हटलं, ‘ताई, सगळं ठीक आहे, मी साहेबांचा बाप बोलतोय.’ मग मोकळी झाली. म्हणाली, ‘लहानपणापासनं त्याला कानटोपी नको असती. इचारलं तर घालतो म्हणतंय, पर माझा इस्वास न्हाई. साहेबास्नी बघाया सांगा.’

तर बघ, आणि मला कळव. मी तिला परत फोन करणार आहे.

तुझे,
बाबा