सोलापूरच्या पूर्व भागातल्या अक्कांना, मेणबत्तीच्या वातीबद्दल

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दारात उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा ठेवू का?" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. तेलुगूइतकं मराठी वाचायला तुम्हाला जमत नाही, ठाऊक आहे. नात वाचून दाखवेल. मधलं काही गाळायचं नाही, असं तिला बजावलंय.

मी घरी छोट्या मेणबत्त्या करते म्हटलं की लोक मेणाचं विचारतात. कुठून आणता, किलो कितीला पडतं, वास कुठला घालता. वातीचं कुणी विचारत नाही. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी माझ्या मेणाच्या लादीकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. विकतच्या वातीचा तुकडा मागितलात, टोकाला काडी लावलीत आणि विझल्यावर बोटाने चाचपायला सांगितलंत. मऊ राख पडायच्या जागी कडक मणी झाला होता. "सूत न्हाई हे. मिक्स हाय," एवढं बोलून आत गेलात आणि मागाजवळची सुताची कांडी घेऊन आलात.

त्या कांडीसाठी आधी आभार. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला खळ लावलेली असते, ती जळून वातीत कोळसा धरते, म्हणून बाण्याचं, म्हणजे आडवं, कोरं पांढरं सूत घ्यायचं, हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं असतं? आख्ख्या सोलापुरात चादरी आणि टॉवेलांचं सूत पडलेलं असताना मी वाती कुरिअरने मागवत होते, याचं तुम्हाला हसू आलं असणार. चेहऱ्यावर दाखवलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

मग वेणी. नुसता पीळ दिलेली वात ज्योतीत ताठ उभी राहते आणि टोकाला काजळीचं बोंड धरते. सपाट वेणीची वात जळता जळता एका अंगाला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला जातं, तिथे हवा मिळून ते आपोआप जळून जातं. वेणीच्या वातीची ही युक्ती फ्रान्समध्ये 1825 च्या सुमारास निघाली. त्याआधी पेटत्या मेणबत्तीची वात सारखी कातरत बसावं लागे. हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते वाचलेलं नव्हतं, पण लोडशेडिंगच्या वर्षांत मेणबत्त्या करून पेठेत विकल्या होत्या. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे टाकणखार आणि एक चमचा मीठ, त्यात वेणी रात्रभर भिजवायची, मग गच्चीवर खडखडीत वाळवायची. (आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग.) वाळली की वितळलेल्या मेणात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून सरळ ताणून ठेवायची. आता हे मी झोपेतही करेन.

मी करते त्या मेणबत्त्या बुटक्या, दोन इंच उंच, दीड इंच रुंद. चर्चमध्ये नवसाला लावतात तसल्या. 50 ग्रॅमच्या आसपास मेण लागतं, म्हणजे किलोत वीसेक होतात. लांब मेणबत्ती स्वतःच्या पायावर उभी राहून जळते. ही जळायला लागली की सगळीच्या सगळी पातळ होते, म्हणून अंगासरशा काचेच्या पेल्यातच लावावी लागते. त्या पातळ मेणात वात शेवटपर्यंत उभी राहायला हवी, म्हणून तळाला पत्र्याची चकती. वात जाड झाली तर काच काळी, बारीक झाली तर ज्योत मेणातच बुडते. एका पेल्यासाठी किती पदरी वेणी, हे तुम्ही तीन जाडीच्या वाती शेजारी शेजारी लावून मलाच बघायला लावलंत. उत्तर सांगून टाकलं असतंत तर पेला बदलल्यावर मी पुन्हा तुमच्या दारात आले असते.

मेणाचं थोडक्यात. विकतच्या किटमधलं सोया मेण साधारण 50 अंशांच्या आतच वितळतं आणि त्याच्या बरंच आधी लिबलिबीत होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43 आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. असलं मेण थंड गावांनी वापरावं. तुम्ही सांगितलेलं 58-60 अंशांना वितळणारं पॅराफिन आणि किलोला 100 ग्रॅम स्टिअरिक ॲसिड, एवढ्यावर माझं दुकान चालतं. मेण कडक होतं, दुधी दिसतं आणि साच्यातून सहज सुटतं.

दुसऱ्या ओतण्याचं मात्र लिहायलाच हवं. मेण निवताना आकसतं आणि वातीभोवती खड्डा पडतो. वर साय धरली की सुईने वातीजवळ भोकं पाडायची आणि राखलेलं गरम मेण भरायचं, पण पहिल्या पातळीच्या किंचित खालीच थांबायचं. वर गेलं की ते मेणबत्ती आणि साच्याच्या फटीत उतरतं. मी पातेलं तिरकं धरलं की तुमचा आवाज येतो, "घाई कशाला करलालाव?"

आणि तुमचे दोन कडक नियम. मेणाचं भांडं कायम पाण्याच्या पातेल्यात, थेट गॅसवर कधीच नाही. मेणाने पेट घेतला तर पाणी मारायचं नाही. गॅस बंद करून झाकण ठेवायचं. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींकडून आधी पाठ करून घेते, मगच काडेपेटी देते.

सुगंधाच्या बाबतीत आपलं पटणार नाही. तुमच्या मते तो पैशांचा धूर. मी मोगरा घालणारच.

12 जानेवारीला, सोलापूरच्या हुतात्मा दिनाला, एका शाळेने माझ्या मेणबत्त्या घेतल्या. सकाळचा गार वारा होता, तरी पेल्यातल्या ज्योती टिकल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, वात कुठली वापरता? इतक्या दिवसांत वातीचं विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी तुमच्या गल्लीचं नाव सांगितलं. चाललं ना?

पैसे तुम्ही घेत नाही, म्हणून नातीच्या हाती मेणबत्त्यांचा एक खोका पाठवतेय. त्यात बिनवासाच्या आहेत, नाक मुरडू नका. कांडी संपत आलीय. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की येते.

तुमची,
मेणबत्तीवाली