काचेमागच्या हातांचे आभार

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला निसर्गविभाग उभारताना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची मोठी मदत झाली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. अशा दालनांतले पेंढा भरलेले प्राणी वर्षानुवर्षं टिकवणाऱ्यांची नावं मात्र कुठल्याच पाटीवर नसतात. हे आभार त्यांचे.

खरा शत्रू कसर आणि कातडं खाणारे डर्मेस्टिड भुंगे. त्यांच्या अळ्या पिसांच्या मुळाशी शिरतात. खाली भुशासारखी पूड दिसली की समजायचं. मग नमुना प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर निदान आठवडाभर ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर थंड कातड्यावर दव धरतं, म्हणून तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं. घाई इथेच नडते.

जुन्या कातड्यांना बहुधा विषारी आर्सेनिकचा साबण लावलेला असतो. त्यामुळे धूळ फुंकायची नाही. हातमोजे, मास्क घालून, मऊ ब्रशने केसांच्या दिशेने ती बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमकडे ढकलायची. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर रेंगाळली की बुरशीही आलीच.

दालनात अंधार का, अशी तक्रार आम्हीही ऐकतो. रोहित पक्ष्याचा (फ्लेमिंगोचा) गुलाबी रंग कॅरोटिनॉइड या नैसर्गिक रंगद्रव्याचा, प्रकाशात उडणारा. म्हणून दिवे मंद, ५० लक्सच्या (प्रकाश मोजायचं एकक) आसपास. दोन-तीन मिनिटांत डोळे सरावतात.

आणि हो, काचेवरचे शेकडो चिमुकले हातांचे ठसे रोज पुसणाऱ्या मावशींचेही आभार!