आण्णांच्या डिस्चार्ज बुकात जे राहिलंय

प्रिय बाळा,

हे फोनवर बोलता येत नाही. फोन स्पीकरवर असतो, आण्णा समोर खुर्चीत असतात, मेडलचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढतो आणि मग तू पण "जाऊ दे ना आई" म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहितेय. मोबाईलवर बोलून टाईप होतंय, मधेच काहीतरी भलताच शब्द आला तर समजून घे.

तू म्हणालास मेडलं ऑनलाइन मिळतात, रिबिनीसकट, मी मागवून देतो, घालू दे की त्यांना 26 जुलैला, कारगिल विजय दिनाला. अरे मिळतात की, मला काय माहीत नाही का, कॅन्टोन्मेंटमधल्या दुकानात पण मिळतात, ज्यांची खरी हरवली ते तिथूनच करून घेतात आणि त्यात वाईट काही नाही. पण तुझ्या बापाला तू ओळखतोस ना. जे डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्त होताना मिळालेल्या नोकरीच्या नोंदीच्या पुस्तकात, लिहिलेलं नाही ते त्यांनी आजवर छातीला लावलेलं नाही. ग्रामपंचायतीपुढं झेंड्याला सगळे माजी सैनिक ओळीनं उभे राहतात तेव्हा आण्णांच्या कोटावर सैन्य सेवा मेडल, हाय अल्टिट्यूडचं, नऊ वर्षांच्या नोकरीचं, वीस वर्षांच्या नोकरीचं आणि स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं, बास. कारगिलच्या लढाईचा असतो तो ऑपरेशन विजय स्टार नाही. लढाईत जखमी झालेल्याला मिळतं ते पराक्रम पदक, आपल्याकडची जुनी माणसं वूंड मेडल म्हणतात, ते पण नाही. आणि माणूस पाय ओढत चालतो तो द्रासमधल्या तोफगोळ्याच्या तुकड्यानं. मागं एकदा सूत्रसंचालन करणाऱ्या पोरानं माइकवरून कारगिलवाल्यांना पुढं या म्हणलं तर हे जागचे हलले नाहीत. शेजारी उभा असलेला एकजण दुसऱ्याला विचारतो, ह्यो होता व्हय कारगिलला? मी बायकांच्यात उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

आता हे राहिलं कसं ते नीट सांगते, कारण तुला वाटतंय सरकारनं दिलं नाही. तसं नाहीये. मेडल काय वरून आपोआप येत नाही. पलटणीतला क्लार्क यादी करतो, कोण कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठं होता, ती यादी रेकॉर्डला, म्हणजे जवानांची कागदं ठेवणाऱ्या ऑफिसला जाते, मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी हुकूम निघतो, आणि ती ऑर्डर निघाली की शीट रोलवर, म्हणजे ऑफिसातल्या त्यांच्या नोकरीच्या कागदावर, आणि डिस्चार्ज बुकात नोंद होते. पार्ट टू ऑर्डर नाही तर नोंद नाही, मग तू एव्हरेस्ट चढून आला असलास तरी. आण्णा 1999 च्या जूनमध्ये जखमी झाले, आधी श्रीनगरचं हॉस्पिटल, मग पुण्याचं कमांड हॉस्पिटल, मग सिक लीव्हवर घरी, आणि मेडिकल कॅटेगरी लागली, म्हणजे पूर्ण फिट नाहीत असं ठरलं, म्हणून नंतर पोस्टिंगच दुसरीकडं झालं. पलटणीत याद्या झाल्या तेव्हा हे तिथं नव्हते. जुना क्लार्क म्हणणार आता तो माणूस आमच्याकडं नाही, नवीन ठिकाणचा म्हणणार तुमच्या जुन्या पलटणीनं करायला पाहिजे होतं. ह्या दोघांच्या मधे पडलं ते पडलंच. 2009 ला पेन्शनीवर आले तेव्हा तो रकाना तसाच.

अंगणवाडीत मी जन्मभर रजिस्टरं लिहिली. मूल समोर बसून खिचडी खातंय, पण रजिस्टरला नाव चढवलेलं नसलं तर सुपरवायझरच्या लेखी ते मूलच नाही. आण्णांचं तसं झालंय.

आण्णा काय म्हणतात तुला माहितीय, मागून घेतलेलं मेडल कशाला. इथं त्यांचा नुसता हट्ट आहे आणि तो तूच त्यांना समजावू शकशील. शौर्य पदक वेगळं, ते वीर चक्र असो का सेना मेडल, त्याला साहेबानं नाव वर पाठवावं लागतं, काय केलं ते लिहून द्यावं लागतं, ते कुणी अर्ज करून मागत नाही आणि मागूही नये. आपल्या पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांना शौर्य चक्र मिळालं ते तसलं. पण स्टार काय किंवा पराक्रम पदक काय, ह्यात कुणाची मर्जी नसते. ठरलेल्या तारखांना ठरलेल्या भागात होतास, तर स्टार तुझा. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालास, तर पदक तुझं. गाडी उलटून पाय मोडला तर नाही, ते पण स्पष्ट आहे. म्हणजे ह्यात मागणं कसलं, हिशोबात धरायचं राहिलेलं धरा एवढंच म्हणायचंय. आण्णांना मी हे सांगितलं तर म्हणाले तू कधीपासून वकील झालीस.

तू विचारलंस पैसे वाढतात का. ह्या दोन्ही मेडलांचा एक रुपया भत्ता नाही, तो शौर्य पदकांना असतो. पण एक गोष्ट बघून घे. जखमेची नोंद रेकॉर्डवर बॅटल कॅज्युअल्टी म्हणजे लढाईतली म्हणून आहे का फिजिकल कॅज्युअल्टी म्हणजे बाकी कशातली म्हणून, ह्यावर पेन्शनीतली वॉर इंज्युरी ठरते. नोकरी पुरी करून आलेल्याला शंभर टक्के अपंगत्व असलं तर साध्या डिसॅबिलिटीला पगाराच्या 30 टक्के धरतात, वॉर इंज्युरीला 60 टक्के, आणि टक्केवारी कमी तसं ते कमी होत जातं. आण्णांचं काय धरलंय ते पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या हुकुमात लिहिलेलं असतं, स्पर्शला, त्या पेन्शनच्या सरकारी साइटला, लॉगिन करून काढ, पासवर्ड त्यांच्या डायरीत मागच्या पानावर आहे. हे निघालं तर निघालं, पण मेडलाचा अर्ज ह्यासाठी थांबवायचा नाही, आणि दोन्ही गोष्टी एका अर्जात घालून घोळ पण करायचा नाही.

पुरावा काय, हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो. आणि तो माझ्याकडं आहे रे. ट्रंकेत साड्यांच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी आहे, त्यात ती तार आहे. तू तेव्हा दोन वर्षांचा, तुला काय आठवणार. तार पोस्टातल्या बाबूनं हातानं लिहिलेली, निळ्या कार्बनची, इंग्रजीत, मी तुला कडेवर घेऊन गुरुजींच्या घरी पळाले वाचून घ्यायला. आण्णांचा आर्मी नंबर, रँक, नाव, कुठल्या तारखेला जखमी झाले, आणि बॅटल कॅज्युअल्टी हे दोन शब्द. पोस्टाचा शिक्का अजून वाचता येतो. घडीवर फाटली म्हणून मी मागून सेलोटेप लावली होती, ती टेप आता पिवळी पडलीय. तिचं लॅमिनेशन करायचं नाही, आधीच सांगते, तुम्हा पोरांना सगळं लॅमिनेट करायची हौस. नुसता चांगल्या मशीनवर स्कॅन कर, दोन्ही बाजूंनी. त्याच पिशवीत हॉस्पिटलमधून पाठवलेली आण्णांची पत्रं आहेत 56 एपीओ च्या, म्हणजे सैन्याच्या पोस्टाच्या शिक्क्याची, ती पण चालतील, फक्त पाकिटाचा फोटो काढ, आतलं तुला वाचायची गरज नाही.

हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप आण्णांच्या फाईलीत आहे. इंज्युरी रिपोर्ट नाहीये, आय.ए.एफ.वाय. 2006 म्हणतात त्या फॉर्मला, तो रेकॉर्डकडूनच काढावा लागणार. त्यासाठी आरटीआय कर, 10 रुपयाची पोस्टल ऑर्डर लागते, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. शीट रोलची कॉपी, जखमेच्या वेळची पार्ट टू ऑर्डर आणि इंज्युरी रिपोर्ट, तिन्हीची नावं घालून माग. नुसतं "माझ्या वडिलांची माहिती द्या" असं मोघम लिहिलंस तर उत्तर पण मोघमच येतं. आणि अर्ज आण्णांच्या सहीनं गेला पाहिजे, मुलगा म्हणून तू मागितलंस तर ते म्हणतील दुसऱ्याची माहिती आहे.

मुख्य अर्ज रेकॉर्ड ऑफिसला. मराठ्यांचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, आपलं कुठलं ते पीपीओवर आहेच. पण थेट पाठवण्याआधी साताऱ्यात सैनिक बोर्डात दाखवून घे, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिकच असतात, त्यांना कुठला शब्द कुठं पाहिजे ते कळतं आणि त्यांच्या पत्रासोबत गेलेला अर्ज सहसा बाजूला पडत नाही. मूळ डिस्चार्ज बुक आत्ता पाठवायचं नाही. झेरॉक्स लाव सही करून, त्यांनी नोंदीसाठी मागितलं की मग स्पीड पोस्टानं, आणि त्याआधी पानन् पान स्कॅन करून ठेव. आण्णांच्या सेक्शनमधले एकजण कोरेगावला असतात, ते जखमी झाल्याच्या रात्री सोबत होते, त्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर चांगलं. आण्णांना न सांगता त्यांच्याकडं जाऊ नको मात्र, त्या दोघांचं काहीतरी बिनसलंय ट्रॅक्टरवरून.

तू म्हणशील एवढी कसली घाई, पंचवीस वर्षं गेली तशी अजून दोन जातील. घाई अशी की माझ्या माहेरचे एक चुलते 1971 ला पूर्वेकडं होते, बांगलादेशच्या बाजूला. लवकर नोकरी सोडली, पेन्शन नाही. संग्राम मेडल होतं, ते तर त्या काळात वर्दीत असलेल्या सगळ्यांनाच होतं, पण पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांचा जो 'पूर्वी स्टार' तो नोंदवलेला नव्हता. ते गेल्यावर पोरांनी चौकशी केली तर उत्तर आलं, पेन्शन नसलेल्यांची कागदं 25 वर्षांनी नष्ट करतात. झालं, संपला विषय. आण्णा पेन्शनर आहेत, त्यांची कागदं तशी जाणार नाहीत, पण कागदावर नसलेलं बरंच काही त्यांच्या डोक्यात आहे. कुठल्या पोस्टवर होते, कंपनी कमांडर कोण, किती तारखेला खाली आणलं. परवा मी सहज विचारलं तर श्रीनगर आधी का लेह आधी ह्यातच अडकले, मग चिडले. रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांचा मूड बरा असतो, तेव्हा विचार, आणि मेडलासाठी म्हणून विचारू नको, नातवाला सांगायचंय म्हण. बोलतात मग. तू फक्त फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेव.

सगळं होऊनही नाही म्हणाले तर लष्कराचं वेगळं ट्रिब्युनल असतं, मुंबईला त्याचं बेंच आहे. पण तिथवर जायला नको वाटतं मला, कागद नीट असले की बरीच कामं टेबलावरच होतात.

आणि ह्याच फेऱ्यात माझंही काम करून घे. डिस्चार्ज बुकात माझं नाव लग्नातलं आहे आणि आधारवर माहेरचं पाळण्यातलं, जन्मसाल पण दोन्हीकडं वेगळं. आत्ता काही अडत नाही, पण उद्या आण्णांच्या मागं फॅमिली पेन्शनीला हेच आडवं येतं, आपल्या गल्लीतल्या काकूंचे हाल तू बघितलेस. रहिमतपूरला नोटरी आहे, प्रतिज्ञापत्र तिथं होईल, त्याची पण पार्ट टू ऑर्डरच काढावी लागते. हे आण्णा हयात असताना त्यांच्या सहीनं सोपं आहे, नंतर अवघड.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून ये. जोडीचा पासपोर्ट फोटो लागेल आमच्या दोघांचा, स्टुडिओत न्यायचं काम तुझं, माझं ऐकत नाहीत. कोट घालायला लाव, आणि केसांना कलप लावायचा नाही म्हणावं, आयकार्डावर पांढरे आहेत.

तुझी,
आई