रविवारचं वाचन या वेळी घरूनच

सभासदहो, नमस्कार.

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. म्हणून या रविवारचं सामूहिक वाचन संध्याकाळी ६ वाजता गूगल मीटवर. लिंक शनिवारी इथेच टाकते.

झूम नको. मोफत खात्यात ४० मिनिटांनी बैठक तुटते. मागच्या खेपेला ऐन भांडणाच्या प्रसंगात सगळे बाहेर पडलो! मीटवर ६० मिनिटं मिळतात. तेवढ्यात तीन प्रकरणं व्हावीत (माझ्या मते अडीचच होतील).

वाचणाऱ्याचाच माइक चालू राहू द्या. कुकरच्या शिट्ट्या आपण पुरेशा ऐकल्यात. प्रत्येकी दोन पानं. आपल्याकडे दोन आवृत्त्या आहेत, पान क्रमांक जुळत नाहीत. त्यामुळे थांबताना पुढच्या परिच्छेदाची पहिली ओळ सांगा.

आणि कृपा करून पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आपले लेखक तर अजून लिहितायत. रेकॉर्डिंगही करणार नाही. प्रत नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, माझ्याकडे एक जादा आहे. चहाचे डाग मात्र चालवून घ्यावे लागतील.